चार चौकोनांतलं पाणी

नव्या बॅचला गेम थिअरीचा पहिला तास मी नेहमी एकाच वाक्याने सुरू करते. तुम्ही काय करावं हे जर समोरचा काय करणार यावर अवलंबून असेल, तर तुम्ही खेळात आहात. खेळायची इच्छा असो वा नसो.

हिंदमाताजवळ साड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर आमचं इन्स्टिट्यूट आहे. सकाळची बॅच नोकरी करणाऱ्यांची. सातला तास सुरू होतो, साडेआठला ती मुलं आपापल्या ऑफिसला पळतात. झोपेतून उठून आलेल्या माणसांना थिअरी शिकवायची म्हणजे आधी त्यांना हलवावं लागतं. म्हणून मी कॅरमने सुरुवात करते. कॅरममध्ये राणी एकाने घेतली की दुसऱ्याची गेली. एकाचं जेवढं वाढतं तेवढंच दुसऱ्याचं कमी होतं. असा खेळ सोपा, कारण त्यात दोस्ती करून काही मिळत नाही. पण आयुष्यातले बरेच खेळ कॅरमसारखे नसतात. त्यात दोघंही जिंकू शकतात आणि दोघंही हरू शकतात. तिथेच माणसं अडकतात.

पुस्तकात यासाठी दोन कैद्यांचं उदाहरण दिलेलं असतं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलंय, दोघांनाही साथीदाराचं नाव सांगायची लालूच दाखवली आहे, वगैरे. सुरुवातीला मीही तेच शिकवायचे. आता नळाचं शिकवते. एका इमारतीत एक पाइप, त्यावर वर-खाली राहणारी कुटुंबं, आणि पाणी ओढायची मोटर. मुलांना ते लगेच कळतं. कोण काळाचौकीचं, कोण डिलाईल रोडचं, सगळ्यांनी पाणी भरलेलं असतं. हे उदाहरण माझ्या घरातलं आहे, एवढं मात्र मी त्यांना सांगत नाही. त्या उन्हाळ्यात माझी आई आमच्या खोलीत राहणार की बदलापूरला माझ्या भावाकडे जाणार, हे त्या पाइपावर ठरणार होतं.

आमची चाळ घोडपदेवला. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी, प्रत्येक खोलीत मोरी आणि मोरीत नळ. मी तिसऱ्या मजल्यावर वाढले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही आणि कोणालाही सांगते, कारण ते कोणी मला दिलेलं नाही. बाबा गिरणीत होते, आई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. माझा पदवीचा फोटो बाहेरच्या खोलीत बुद्धांच्या मूर्तीशेजारी आहे. आईने तो पाहुण्यांना दिसेल असा लावलाय आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. तसं पाहिलं तर आतली खोली नाहीच. बाहेरची म्हणायची आपली सवय.

पाणी पहाटे यायचं, तासाभरापेक्षा थोडं जास्त. तळमजल्याला जोरात, पहिल्याला बरं, दुसऱ्याला ठीक, आणि तिसऱ्याला करंगळीएवढी धार. त्या धारेखाली पिंप लावून ठेवायचं आणि आपली कामं करत राहायची. जायची वेळ होईपर्यंत पिंप भरलेलं असायचं. जुना पाइप बदलून मोठा टाकावा, खाली टाकी बांधावी, असं कोणी ना कोणी दर वर्षी म्हणायचं. पण फाटकाजवळ बिल्डरचा बोर्ड लागला होता. इमारत पडणारच आहे तर पाइप कोण बदलणार? बोर्ड उन्हाने पांढरा पडला तरी इमारत काही पडत नव्हती.

आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, मावशी राहते. सख्खी मावशी नाही. आई आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन या चाळीत आल्या, एकाच हॉस्पिटलात कामाला लागल्या, आणि संध्याकाळच्या वंदनेला गेली कित्येक वर्षं शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या मोरीतला आणि आमच्या मोरीतला नळ एकाच उभ्या पाइपावर. मावशीची सून माहेरहून बाळ घेऊन परत आली, तेव्हा मावशीच्या मुलाने मोटर आणली. तान्हं बाळ घरात असलं की धुणं किती निघतं ते मी सांगायला नको. त्याला नावं ठेवावीत असं त्यात काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून आमची करंगळी बंद झाली. नळ सोडला की आधी फुस्स, मग एक उचकी, मग काही नाही.

शेजारच्या लाइनवरच्या लोकांनी ते पाहिलं. त्यांच्याकडे पाणी ठीक येत होतं, पण खालच्याने मोटर आणली तर? म्हणून त्यांनी आधीच आणली. मग पहिल्या मजल्यावरच्यांनी आणली, कारण वरचे ओढायला लागल्यावर त्यांचं कमी झालं. महिन्याभरात पहाटे चाळ अशी घुमायला लागली की जणू खाली पिठाची गिरणी सुरू झाली आहे. आणि गंमत म्हणजे पाणी कोणालाच पूर्वीएवढं येईना. पाइपात होतं तेवढंच होतं. सगळे मिळून आता हवा ओढत होते आणि विजेचं बिल भरत होते.

आमच्याकडे मोटर नव्हती. मी म्हटलं आणू. आई म्हणाली, "नको." कारण सांगितलं नाही. ती कारणं सांगत नाही.

मग मी खाली चौकातल्या नळावरून भरायला लागले. तो नळ जमिनीलगत असल्यामुळे त्याला पाणी असायचं. हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर, तीन मजले. रोज पहाटे मावशीही एक कळशी घेऊन वर यायची, आमच्या मोरीच्या कट्ट्यावर ठेवायची, आणि म्हणायची, "घे बाय." आई म्हणायची, "ठेव." जे पाणी आमच्या नळातून यायचं तेच ती खालून ओढून, कळशीत भरून, जिन्याने वर आणून देत होती. दोघींना ते ठाऊक होतं. चहा व्हायचा, बाळाची चौकशी व्हायची, मावशी खाली जायची.

आईचे गुडघे गेलेले. जिना ती धरून धरून उतरते, दिवसातून एकदा, वंदनेला. एके दिवशी माझा तास लवकर होता आणि मी अर्धंच भरून निघाले. आई कळशी घेऊन खाली गेली. चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा पाय पाण्यावरून सरकला. हाड मोडलं नाही. ती पायरीवर बसली आणि कळशी खाली चौकापर्यंत गडगडत गेली. मला फोन आला तेव्हा मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते. तास संपवून निघाले. घरी आले तर आई पलंगावर, मावशी तिच्या पायाला शेक देत होती, आणि कळशीला मोठा पोचा.

रात्री भावाचा फोन आला. तो माझ्यापेक्षा लहान, पण त्याच्याकडे बदलापूरला टू बीएचके आहे म्हणून तो मोठ्या आवाजात बोलतो.

"ताई, हे बास झालं. आईला मी घेऊन येतो."

"तिला यायचं नाही."

"तिला काय, तिला कुठंच यायचं नसतं. तिला काही झालं तर तू बघणार आहेस का?"

"आजवर कोण बघत होतं?"

तो म्हणाला, "जयंतीपर्यंत बघ. जयंती करून मगच नेतो, नाहीतर ती माझ्याशी बोलणार नाही. तोवर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं तर राहू दे. नाही चढलं तर बॅग भर."

आई शेजारीच होती. तिला सगळं ऐकू आलं. तिने उशी सारखी केली आणि म्हणाली, "तिकडं खिडकीतून काय दिसतं त्याच्या? दुसऱ्याची खिडकी."

एवढंच. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

मार्चात चवदार तळ्याच्या दिवशी आमचं मंडळ सभा घेतं. मंडळाची खोली तळमजल्यावर. पुढे सभेची जागा, तिथेच मुलांच्या अभ्यासासाठी फळा, आणि मागे एक अंधारी कोठी. तिच्यात जयंतीचं स्टेजचं सामान, दिव्यांच्या माळा, मोठा फोटो, कापडी बॅनर असं सगळं ठेवलेलं असतं. मंडळाचे अध्यक्ष बेस्टमधून निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणतात. दर वर्षी त्या दिवशी पाण्याच्या हक्कावर भाषण होतं. त्या वर्षी काकांनी फुलं वाहिली, पहिल्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाले, "पाण्यावर मी काय बोलू? पहाटे ज्याच्या त्याच्या मोटरचं भाषण चालू असतं. आज आपल्या प्राध्यापिका ताई बोलतील."

मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी तयारी केली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "माइक नका देऊ तिला, तिचा आवाज तसाही भायखळ्यापर्यंत जातो."

मी फळ्यावर एक मोठा चौकोन काढला आणि त्याचे चार भाग केले.

"अगं, कुंडली मांडतेस का काय?" एक आजी म्हणाल्या. "आपल्यात चालत नाही ते."

"कुंडली नाही आजी. नळ आहे."

मी समजावलं ते असं. डाव्या बाजूला तुम्ही. वरच्या बाजूला बाकीची चाळ. दोघांपुढेही दोनच मार्ग, मोटर लावा किंवा लावू नका. म्हणून चौकोन चार. पहिल्या चौकोनात कोणीच मोटर लावली नाही. सगळ्यांना पूर्वीसारखं, तळमजल्याला जास्त, आम्हाला करंगळी, पण सगळ्यांचं भागतं. दुसऱ्यात फक्त तुम्ही लावली. तुमचं पिंप भरून वाहतंय. तिसऱ्यात बाकीच्यांनी लावली, तुम्ही नाही. तुमच्याकडे फुस्स. चौथ्यात सगळ्यांनी लावली. सगळ्यांना थोडं पाणी, बरीच हवा आणि बिल.

"आता सांगा," मी म्हटलं, "बाकीच्यांनी मोटर लावली नसेल तर तुमच्या फायद्याचं काय?"

"लावणं," दोनचार जण म्हणाले.

"आणि बाकीच्यांनी लावली असेल तर?"

"तर लावायलाच पाहिजे!"

"म्हणजे बाकीचे काहीही करोत, तुम्हाला लावणंच बरं. असंच प्रत्येकाला वाटतं. म्हणून सगळे चालत चालत चौथ्या चौकोनात येऊन बसतात. तिथे कोणालाच यायचं नव्हतं. पण एकट्याने उठून चालत नाही, कारण जो एकटा उठतो तो थेट तिसऱ्या चौकोनात पडतो."

आई पहिल्या रांगेत खुर्चीवर होती. मावशी तिच्या शेजारी. मी तिसऱ्या चौकोनावर खडू ठेवला तेव्हा दोघी फळ्याकडे बघत होत्या, एकमेकींकडे नाही.

मावशीचा मुलगा मागे दाराला टेकून उभा होता. म्हणाला, "मग चूक कोणाची, ते सांग ना."

"कोणाचीच नाही. प्रत्येकाने आपल्या घरापुरतं बरोबरच केलंय."

"घ्या! एवढं शिकून आली आणि चूक कोणाची तेच सांगता येत नाही. हे तर माझी बायको न शिकता सांगते."

सगळे हसले. मीही हसले. मला त्याचा राग आला नाही. गेम थिअरीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे आणि वर्गातही मुलं इथेच अडतात. शहाण्या माणसांनी शहाणपणाने वागून सगळ्यांचं वाटोळं होऊ शकतं. त्यासाठी कोणी वाईट असावं लागत नाही.

"उपाय बोल," काका म्हणाले.

मी म्हटलं, नुसतं वचन चालणार नाही. इथे बसलेले सगळे वचन देतील आणि उद्या पहाटे प्रत्येक जण शेजारच्या मोरीला कान लावेल. 'मी मोटर लावणार नाही' यावर कोणी विश्वास ठेवत नाही. 'मी मोटर लावूच शकत नाही' यावर ठेवतात. स्वतःचे हात स्वतःच बांधून ते सगळ्यांना दिसायला हवेत. म्हणजे सगळ्या मोटरी एका दिवशी काढायच्या आणि एका ठिकाणी कुलपात टाकायच्या.

"कुठे?"

हा प्रश्न आल्याबरोबर सगळ्यांच्या माना मागच्या कोठीकडे वळल्या. दुसरी जागा कोणी सुचवलीसुद्धा नाही. तिथून आजवर एक खिळा चोरीला गेला नव्हता. चाळीत भावाभावांची भांडणं होतात, गॅलरीतल्या चपला जातात, पण जयंतीच्या सामानाला कोणी हात लावत नाही. त्या फोटोसमोर ठेवलेली वस्तू कोण उचलणार? कुलपं दोन लावायची ठरली. एका कुलपाची किल्ली काकांकडे, दुसऱ्याची मावशीकडे. आणि जो गुपचूप मोटर लावेल त्याचं नाव जयंतीला माइकवरून पुकारायचं. पोलिसात द्या म्हटलं असतं तर लोकांनी खांदे उडवले असते. माइकवर नाव म्हटल्यावर सगळे सरळ बसले. शिक्षा अशी हवी की जिची खरोखर भीती वाटते आणि जी खरोखर होईल याची खात्री वाटते. मी वर्गात हेही सांगते.

त्या रविवारी मोटरी खाली आल्या. कोणी हाताने, कोणी पिशवीत, एकाने तर बाळाला धरावं तशी छातीशी धरून. मावशीच्या मुलाने आपली सगळ्यात शेवटी आणली. "माझ्यापासून सुरू झालं म्हणता ना, मग माझ्यावर संपू दे," म्हणाला आणि ढिगावर ठेवली.

सोमवारी पहाटे आमचा नळ आधी खोकला. मग लालसर पाणी आलं. मग करंगळी.

आई मोरीपुढे स्टूल टाकून बसली. पिंपात पाणी पडायला लागलं की आधी पोकळ आवाज येतो आणि भरत आलं की तो जाड होतो. ती तो ऐकत बसली होती. म्हणाली, "आलं गं बाय." मी हो म्हटलं, डबा भरला आणि निघाले. काळाचौकीच्या सिग्नलला माझ्या लक्षात आलं की मला काहीतरी वाटायला हवं होतं. हाताला पाणी वाहून पडलेले घट्टे होते, ते मी चोळत राहिले.

पुढचे दोन-तीन आठवडे पाणी येत राहिलं. चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटेपासून पहारा सुरू व्हायचा.

"दुसरा मजला, कसला आवाज आहे?"

"मिक्सर आहे. चटणी वाटतोय. घरी येऊन चाखणार का?"

"एवढा वेळ चटणी?"

"पाहुणे आहेत. तुम्हाला बोलावलं नाही म्हणून राग आला का?"

असं चालायचं. पण मोटर कोणी आणली नाही. हाच खेळ रोज रोज खेळायचा असेल आणि उद्याही याच माणसांची तोंडं बघायची असतील, तर माणूस आज जपून वागतो. पुस्तकात हे आहे, आणि आमच्या चाळीत ते झालं. भावाने फोन केला तेव्हा मी नळाचा व्हिडिओ पाठवला. त्याने अंगठा पाठवला. आईने गॅलरीत घालायला नवी चटई आणायला सांगितली. मी ती आणली.

जयंती जवळ आली. चाळ रंगायला लागली, निळे झेंडे लागले, गावाहून पाहुणे यायला लागले. जयंतीला आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणजे नुसता माणूस येत नाही. त्याच्यामागे अंघोळ, धुणं, खिरीची पातेली, सगळं येतं. आणि जयंतीच्या दोन दिवस आधी मंडळाची कोठी उघडली. ती उघडावीच लागते. आतच तर सगळं सामान असतं. सभेत इतकी डोकी होती, त्यात माझंही होतं, आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं की वर्षातून एकदा उघडते ती खोली आम्ही नेमकी तिच्या उघडण्याच्या तोंडावर तिजोरी म्हणून निवडली आहे. आमच्या मनात ती जागा पवित्र होती, एवढं पुरलं होतं.

तरी उघडली म्हणून काही बिघडलं नाही. पोरांनी माळा काढल्या, बॅनर काढले, मोटरींचा ढीग भिंतीकडे सरकवला. कोणी त्याकडे बघितलं नाही, म्हणजे बघितलं पण हात लावला नाही.

दर जयंतीला आमचं मंडळ रस्त्यावर पाणपोई लावतं. मिरवणुकीत चालून चालून माणसं थकतात, त्यांना थंड पाणी द्यायचं. मोठे पिंप भरून ठेवायचे, आत बर्फ. आमच्या मंडळाला त्या पाणपोईचा फार अभिमान. त्या वर्षी चौकातल्या नळालाही धार कमी होती. कदाचित पाहुण्यांमुळे, कदाचित वरूनच. जयंतीच्या आदल्या पहाटे पिंप भरेनात. वेळ चालली. काका पाणपोईजवळ उभे होते. ते कोठीत गेले, ढिगावरची मोटर उचलली, चौकातल्या नळाला जोडली आणि सुरू केली.

कोणाच्या घरासाठी नव्हती. सगळ्यांसाठी होती. आल्यागेलेल्या तहानलेल्या माणसांसाठी होती. मी काकांच्या जागी असते तरी कदाचित हेच केलं असतं.

त्या मोटरचा आवाज जिन्यातून वर आला. दारं उघडली. मी आमच्या गॅलरीतून खाली वाकून बघत होते. मावशीचा मुलगा ब्रश तोंडात घेऊन खाली आला.

"काका, ही माझी मोटर आहे."

"तुझीच आहे. पाणपोईला लावली. पुण्य तुझ्या नावावर."

"पुण्य राहू द्या. माझ्या घरात चार माणसं गावाहून आलीत, बाळ आहे, नळाला पाणी नाही, आणि माझी मोटर चौकात चालू आहे?"

"तासाभराचं काम आहे रे."

"मग तासाभराने मी माझी लावतो. फक्त उद्याच्या दिवस. परवा आणून ठेवतो. आईची शपथ."

काकांनी नाही म्हटलं नाही. ते कसं म्हणणार? त्यांच्याच हाताने सुरू झालेली मोटर होती.

पहिल्या मजल्यावरच्याने हे ऐकलं. त्याच्याकडेही पाहुणे होते. मग शेजारच्याने. दुपारी मी खाली गेले तेव्हा ढीग गेला होता. जमिनीवर मोटरींच्या तेलाचे गोल डाग राहिले होते. दोन्ही कुलपं कडीला उघडी लटकत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेज लागलं, माइक लागला. काका भाषणाला उभे राहिले. नावं पुकारायची ठरली होती. पण जो पुकारणार त्याचं नाव पहिलं होतं, आणि खाली बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं त्यात होतं. काकांनी सगळ्यांना जयंतीच्या शुभेच्छा दिल्या आणि मिरवणुकीत शिस्त पाळायला सांगितलं. पाणपोईचं पाणी गार होतं. मी दोन ग्लास प्याले. आईलाही नेऊन दिलं, ती खुर्चीवर मावशीच्या शेजारी बसली होती. ती अर्धं प्यायली आणि अर्धं तिने मावशीला दिलं.

परवा कोणी मोटर परत आणली नाही. कोणीही वाईट हेतूने ठेवून घेतली असं नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट बघत होता.

आमचा नळ पुन्हा फुस्स करू लागला. मी त्या दिवशी तास घेतला, नंतर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन मोटर आणली. दुकानदाराने विचारलं, "कौन सा माला?" तिसरा म्हटल्यावर त्याने मोठी दिली. घरी येऊन खोकं मोरीपुढे ठेवलं.

आई म्हणाली, "काय आहे?"

"मोटर."

"नको लावू."

"आई, सगळ्यांनी लावली आहे. आता न लावण्यात काही अर्थ नाही. मी फळ्यावर दाखवलं होतं ना?"

"दाखवलंस. समजलं मला." तिने खोक्यावर हात ठेवला, उघडू नये म्हणून नव्हे, नुसताच ठेवला. "एकाच पाइपावर आहोत. तुझी ही मोठी मोटर पहिलं तिचंच ओढणार. बाळाचं धुणं तसंच राहील. तिचं पाणी ओढून वर बसू, आणि संध्याकाळी वंदनेला तिच्याच शेजारी बसू?"

"तिने तुझं ओढलंच ना?"

"ओढलं. म्हणून तर रोज कळशी घेऊन चढते." मग म्हणाली, "तिची सवय मला नको लागायला."

मी खूप बोलू शकले असते. मला बोलता येतं, त्याचेच मला पैसे मिळतात. पण आईच्या फायद्याच्या चौकोनात मी जे आकडे धरले होते ते तिचे नव्हते. पहिल्या तासाला मी मुलांना सांगते, समोरच्याला काय हवंय ते तुम्ही ठरवू नका, ते त्यालाच विचारा. नाहीतर गणित बरोबर येतं आणि उत्तर चुकतं. मी खोकं पलंगाखाली सरकवलं.

भाऊ रविवारी गाडी घेऊन आला. आईची बॅग तिनेच भरली होती. त्या सकाळीही मावशी कळशी घेऊन आली. कट्ट्यावर ठेवली. म्हणाली, "घे बाय."

"ठेव," आई म्हणाली.

चहा झाला. मावशी म्हणाली, "तिकडं चोवीस तास पाणी आहे म्हणतात."

"चोवीस तास काय करू त्याचं?"

"पी."

दोघी हसल्या. भावाने बॅग उचलली. आई जिना धरून धरून उतरली, दुसऱ्या मजल्यापर्यंत मावशी बरोबर होती, तिथे थांबली. फाटकाजवळ आईने वर बघितलं. मी गॅलरीत होते. मी हात केला. गाडी गेली. मी आत येऊन मावशीच्या कळशीतलं पाणी पिंपात ओतलं आणि रिकामी कळशी खाली नेऊन दिली.

आता मी एकटी आहे. एका माणसाला कितीसं पाणी लागतं? चौकातून एक हंडा आणते, पुरतं. मावशी अजून कळशी घेऊन येते, रोज नाही, गुडघे तिचेही दुखतात. मोटरचं खोकं पलंगाखाली आहे. केर काढताना झाडू त्याला लागतो.

परवा नव्या बॅचला नळाचं उदाहरण झालं. कोपऱ्यात बसणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, यात बरोबर उत्तर कोणतं?" मी म्हटलं, परीक्षेत विचारलं तर चौथा चौकोन. तिथेच खेळ स्थिरावतो, त्याला समतोल म्हणतात. तिने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि परीक्षेत नाही विचारलं तर?" साडेआठ झाले होते. बाकीची मुलं बॅगा आवरत होती. मी म्हटलं पुढच्या तासाला बघू, आणि फळा पुसला.

आईचा फोन संध्याकाळी येतो, तिच्या वंदनेच्या वेळेला. ती आधी विचारते, "पाणी आलं होतं?" मी म्हणते, आलं होतं. मग विचारते, "तिला आलं?" मी म्हणते, तिलाही आलं. काल म्हणाली, "इथं नळ सोडला की येतं. दुपारी पण येतं. तुझा भाऊ हसतो मला."

"का?"

"पहाटे उठून दोन हंडे भरून ठेवते मी. तो म्हणतो, आई, कशाला?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगायचं?" आई म्हणाली. "भरलेले बरे असतात."

मी म्हटलं, हो. असतात.